हौजातला मासा, काचेतला मासा

मासा पाळण्याची कल्पनाच मुळात कोकणी माणसाला गमतीची वाटायला हवी. खाडीवरून महाडच्या बाजारात आलेल्या टोपलीकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत माशाचे लाड करण्याचा विचार सहसा नसतो. पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत तर पावसाळा सुक्या बोंबलावर आणि जवळ्यावर निघतो. तरीही महाड शहरात आणि महामार्गालगतच्या पोलादपुरात ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक ब्लॉकमध्ये शोकेसच्या शेजारी काचेची एक टाकी दिसते. आखातातून सुटीवर आलेल्या मुलाने हौसेने घेतलेली, नाहीतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून एस.टी.त मांडीवर पिशवी सांभाळत आणलेल्या माशांसाठी घाईघाईने बनवून घेतलेली. स्वयंपाकघरात सुरमई तळली जाते, हॉलमध्ये गोल्डफिशला दाणे घातले जातात. कोणाला त्यात विसंगती वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

विसंगती आहे ती दुसरीकडे. मासे आपल्या वाडवडिलांनीही सांभाळले. पण त्यांनी ते जमिनीत सांभाळले, आणि बहुतेक ठिकाणी खालून झरा किंवा शेजारून प्रवाह होता. आपण ते तिसऱ्या मजल्यावर सांभाळतो. माशाला जेवढे जास्त पाणी तेवढे बरे. स्लॅबला जेवढे कमी तेवढे बरे. या दोन गरजांमधली ओढाताण समजली, तर घरात मासे सुखरूप ठेवणे अवघड नाही. ती समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

महाड हे पाण्याचे गाव आहे. गांधारपाल्याच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंनी खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहेत, रायगडावर गंगासागर आहे, शहरात चवदार तळे आहे. सावित्री महाबळेश्वराहून निघते, पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात, आणि पुढे ती बाणकोटला समुद्रात जाते. यातल्या काळ नदीवर, बिरवाडीच्या बाजूला, वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान. या डोहातले मासे कोणी धरीत नाही. लोक येतात, कुरमुरे-लाह्या टाकतात आणि हातभर लांबीचे मासे झुंडीने वर येतात. हे मासे महसीर जातीचे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या याच जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा शास्त्रीय नावात त्याने 'खुद्री' हा इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द ठेवला. इतर नद्यांतून महसीर सुरुंग, विष आणि धरणे यांमुळे हटत गेला. वाळणकोंडात तो श्रद्धेच्या धाकाने राहिला. अभ्यासक आज या डोहाला माशांचे अभयस्थान म्हणून ओळखतात. पिंजरा नाही, काच नाही, पंप नाही. फक्त न धरण्याचा करार आणि वाहते पाणी.

आपल्या मशिदींचे हौज याच जातकुळीतले. नळ आले, वजूसाठी ओळीने तोट्या बसल्या आणि कोकणातल्या अनेक मशिदींतले हौज बुजले किंवा झाकले गेले. पण ज्यांनी हौजाच्या कडेला बसून वजू केली आहे, त्यांना पाण्यात हात घातल्यावर बोटांशी येऊन परतणारे मासे आठवत असतील. ते शोभेपुरते नव्हते. मासा डासांच्या अळ्या खातो, शेवाळ खुडतो, आणि मुख्य म्हणजे पाणी बिघडले तर सर्वांत आधी तोच सांगतो. हौजाचा मुतवल्ली सकाळी पाण्याकडे पाहतो तेव्हा तो खरे तर माशांकडे पाहत असतो.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला मुंबईच्या जामा मशिदीत आहे. तिचा इतिहास कोकणी मुसलमानांशी जोडलेला आहे, म्हणून तो आपल्याला घरचा वाटावा. आधीची मशीद हलवायची ठरल्यावर नवी जागा मिळाली ती एका जुन्या तळ्याची. आणि तळे बुजवायचे नाही, जसेच्या तसे राखायचे, अशी अट होती. १७७५ साली पाया घातला गेला, तंटेबखेड्यांत वर्षे गेली, आणि बांधकाम पुरे झाले १८०२ मध्ये. झऱ्यांवर जगणाऱ्या तळ्यातून सोळा काळ्या दगडी कमानी वर येतात आणि मशिदीचा भार पेलतात. तिच्या पूर्तीचे साल 'जहाज-ए-आखिरत' या शब्दांत गुंफले आहे. अबजदप्रमाणे अक्षरांची बेरीज केली की १२१७ हिजरी येते. पाण्यावर उभ्या असलेल्या इमारतीला जहाज म्हणणाऱ्या माणसाच्या कल्पकतेला दाद द्यावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबई गॅझेटियरमध्ये या तळ्याचे पाणी सुमारे दहा फूट खोल असल्याची आणि त्यात सोनेरी-रुपेरी मासे व काही कासवे असल्याची नोंद आहे. मशिदीपासून काही पावलांवर १८६९ सालचे क्रॉफर्ड मार्केट. महाड-पोलादपूरच्या घरांत पोहोचणारे कितीतरी मासे त्याच परिसरातल्या दुकानांतून निघतात. म्हणजे हौजातला मासा आणि पिशवीतला मासा यांच्यामध्ये एका रस्त्याचे अंतर आहे.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यालगतच्या पाणचक्कीचा हौज अनेकांनी पाहिला असेल. त्याला पाणी येते ते दूरच्या डोंगरातून, मातीच्या नळांच्या नहरीतून. त्याही हौजात मासे पोसले. आणखी मागे गेलो तर बर्निए हा फ्रेंच वैद्य भेटतो. औरंगजेबाच्या लवाजम्यासोबत काश्मीरला गेला असता त्याने एका शाही बागेच्या तळ्यातले माणसाळलेले मासे पाहिले. हाक मारली किंवा पोळीचा तुकडा टाकला की ते जवळ येत, आणि त्यांतल्या मोठ्या माशांच्या कल्ल्यांत अक्षरे कोरलेल्या सोन्याच्या कड्या होत्या. त्या नूरजहानने घातल्या असे त्याला सांगण्यात आले. माशाला दागिना घालण्याची हौस बादशाही खरी; मासा मात्र टिकला तो कडीमुळे नव्हे, बागेतून अखंड वाहणाऱ्या झऱ्यामुळे.

इथे एक जुना हिशेब आठवतो. फिकहचा मसला मांडायचा हेतू नाही. पण पाण्याच्या मोजमापाची जी समज त्यात आहे, ती मासे पाळणाऱ्याच्या कामाची आहे. कोकणी मुसलमान शाफई. शाफई मताप्रमाणे पाणी दोन 'कुल्ला' किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यात काही अपवित्र पडले तरी रंग, चव किंवा वास बदलल्याखेरीज ते नापाक होत नाही. त्याहून कमी असेल तर लगेच होते. आजच्या मापात दोन कुल्ला म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास. हनफी मंडळी मोठ्या हौजासाठी दहा हात लांब, दहा हात रुंद असे माप धरतात. दोहोंच्या मागे एक साधा अनुभव आहे: थोडे पाणी चटकन बिघडते, पुष्कळ पाणी बिघाड पचवते. वाळवंटातल्या माणसांनी हे ओळखले होते. युरोपातल्या बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या काचेच्या गोल भांड्यांनी मात्र ते बराच काळ विसरायला लावले.

काचेच्या टाकीची गोष्ट तशी अलीकडची. सिसिलीतल्या मेसिना गावी राहणाऱ्या जान विलप्रो-पॉवर या बाईंनी १८३२ च्या सुमारास समुद्रातले जिवंत प्राणी अभ्यासण्यासाठी काचेच्या पेट्या केल्या. मूळच्या त्या शिवणकाम करणाऱ्या. शास्त्र स्वतः शिकल्या. लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, हा अंदाज. पण काही दिवसांत पाने कुजली, पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हे जाहीर केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे घर उघडले, पुढच्या वर्षी फिलिप गॉस याचे पुस्तक आले आणि इंग्लंडात घरोघरी टाक्यांचे वेड पसरले. बहुतेक मासे अर्थातच मेले.

ते का मेले, याचे उत्तर शोधण्यात वॉरिंग्टनच्या मुलाचाही वाटा आहे. बापाचेच नाव त्याचे. तो शेतीचा रसायनज्ञ होता, आणि रॉथॅमस्टेड येथे मातीतला अमोनिया नायट्रेटमध्ये कसा बदलतो, हे त्याने वर्षानुवर्षे तपासले. हा बदल दोन टप्प्यांत होतो आणि सजीव जंतू तो घडवतात, हे त्या काळात स्पष्ट होत गेले. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की याने ते जंतू वेगळे करून दाखवले. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, उरलेले खाद्य कुजले की आणखी होतो. तो विषारी. जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हौजाच्या दगडांवर, नदीच्या गोट्यांवर हे जंतू पिढ्यान्‌पिढ्या बसलेले असतात. नव्याकोऱ्या टाकीत ते नसतात. त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र शुक्रवारी टाकी आणतो, शनिवारी दहा मासे सोडतो आणि पुढच्या शुक्रवारी दुकानदाराने आजारी मासे दिले म्हणून भांडायला जातो.

म्हणून पहिले दीड महिने एक-दोन चिवट मासे, खाद्य अगदी कमी, आणि दर दोन-चार दिवसांनी थोडे पाणी बदलणे. ओळखीच्या घरी जुनी टाकी असेल, तर तिथल्या फिल्टरचा मळका स्पंज आपल्या टाकीत पिळावा. जंतूंचे विरजण लागते. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळी टाकी रिकामी करून साबणाने चकचकीत धुणे ही आपल्या घरांतली आवडती सवय आहे, आणि तिच्याएवढे मासे दुसऱ्या कशानेही मरत नसतील. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, नळाखाली नाही. नळाच्या क्लोरीनने जंतूही जातात.

महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाने काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो बहुधा मुंबईत, चौपाटीजवळ १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. सुटीत मुंबईला गेलेल्या कोकणातल्या मुलांसाठी राणीची बाग आणि तारापोरवाला ही ठरलेली वारी होती. त्या काळच्या घरगुती टाक्या लोखंडी चौकटीच्या, लांबीने सांधलेल्या, जड आणि गंजक्या. १९६० नंतर सिलिकॉनचा चिकट सांधा आला. चौकट गेली, नुसती काच काचेला चिकटू लागली, टाकी स्वस्त झाली. आज गावातला काचवालाही तासाभरात टाकी जोडून देतो. तिथेच नीट पाहायला हवे. काच पुरेशा जाडीची आहे का, सांध्यांत बुडबुडे आहेत का, हे पाहून घरी आणल्यावर टाकी दोन दिवस मोरीत किंवा गच्चीवर काठोकाठ भरून ठेवावी. गळायची असेल तर तिथे गळू दे.

आता वजनाचा मुद्दा, आणि महाडमध्ये तो हलक्या आवाजात बोलण्यासारखा नाही. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा जीव गेले. इमारत जुनी म्हणता येईल अशी नव्हती. त्या घटनेचा आणि कोणाच्या हौसेच्या टाकीचा काहीही संबंध नाही. संबंध जोडणे हे मेलेल्यांवर अन्याय करणारे होईल. पण आपल्या पायाखालचा स्लॅब म्हणजे जमीन नव्हे, ही जाणीव त्या संध्याकाळी या शहराला झाली आणि ती विसरण्यासारखी नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर मावते. काच, वाळू, स्टँड धरून वजन ७५ ते ८० किलो. म्हणजे एक भारदस्त पाहुणा कोपऱ्यात उभा आहे, इतकेच. वॉरिंग्टनचे काचपात्रही साधारण एवढ्याच पाण्याचे होते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली तर पाणीच १९० लिटर होते, जवळपास दोन कुल्ला. माशांना ते सुखाचे. पण एकूण वजन अडीचशे किलोच्या घरात जाते आणि तो पाहुणा रात्रंदिवस हलत नाही. भारतीय मानकांत राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापराचा भार धरून आखतात. हा भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे चांगल्या बांधलेल्या घरात दोन फुटी टाकीने काही बिघडत नाही. चांगल्या बांधलेल्या, हे शब्द महत्त्वाचे.

तेव्हा ब्लॉकमध्ये दोन फुटी टाकी हे माझ्या मते शहाणपणाचे माप. ती भिंतीलगत, शक्यतो बीमच्या किंवा कॉलमच्या जवळ ठेवावी. खोलीच्या मध्यावर नको, आणि पुढे झुकलेल्या बाल्कनीत तर मुळीच नको. खालच्या घराच्या छताला तडा असेल, ओल असेल, गज उघडे पडले असतील, तर टाकीचा विचार सोडून आधी इंजिनियरला बोलवावे. तीन फुटांच्या पुढे जायचे असेल तर घर धडधाकट असले तरी त्याला विचारावे, बिल्डरला नव्हे. स्टँड पाण्यासकट डोलणारा नसावा. टीव्हीचे टेबल हा स्टँड नाही. टाकीखाली थर्माकोलचा जाड तुकडा घातला की काचेवर एका ठिकाणी ताण येत नाही. घरात रांगणारे मूल असेल तर स्टँड भिंतीला पट्टीने जखडून टाकावा, कारण मूल धरून उभे राहते ते नेमके अशाच कडेला.

आणि खाली शेजारी राहतो. ५५ लिटर पाणी एका रात्रीत सांडले तर त्याच्या पंख्यातून गळेल. हौज फुटला तर अंगण ओले होई. इथे दुसऱ्याची गादी भिजते. हे बहुतेकदा टाकी फुटल्याने होत नाही, वीज गेल्याने होते. एअर पंप टाकीच्या पातळीखाली ठेवलेला असतो. वीज गेली की हवेच्या नळीतून पाणी उलटे उतरू लागते आणि पंपातून जमिनीवर येते. लोडशेडिंगच्या काळात कित्येक घरांनी हे अनुभवले, आणि आमच्या डोंगरी भागात पावसाळी वारे सुटले की वीज आजही जाते. उपाय दहा-वीस रुपयांचा. नळीत उलट पाणी अडवणारा छोटा व्हॉल्व बसवावा, किंवा पंपच टाकीच्या वर फळीवर ठेवावा. तारांनाही बोर्डापाशी जाण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळी बटणे बंद. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर घरात नसेल तर बसवून घ्यावा. तो माशांपेक्षा घरच्यांसाठी आहे. हीटर विकणारे दुकानदार पुष्कळ भेटतील. महाडच्या हवेत बहुतेक माशांना त्याची गरज नाही. आपली अडचण मे महिन्यातली उलटी असते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा झाकण उघडून वर जाळी टाकावी, पंखा पाण्यावरून फिरू द्यावा आणि हवा जास्त सोडावी.

पाणी कुठले घालायचे, हा प्रश्न इथे सोपा नाही. ज्या तालुक्यांवर एवढा पाऊस कोसळतो, तिथल्याच वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. सावित्रीचे पाणी औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याने बिघडल्याच्या, मासे मरून वर आल्याच्या तक्रारी आणि बातम्या अनेक वर्षे होत आल्या. नदीचे पाणी, वाळू किंवा वनस्पती हौसेने टाकीत आणू नये. नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. पावसाच्या सुरुवातीला आणि पुरानंतर विहिरींत व टाक्यांत टीसीएल पावडर जास्त पडते, तुरटीही फिरते. त्या आठवड्यात पाणी बदलायचे टाळावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब वापरावेत. टँकरच्या दिवसांत माशांसाठी पाणी बदलणे घरातल्या बाईला जड जाते, हेही लक्षात घ्यावे. पाणी बहुतेक तिलाच भरावे लागते. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना घातले तर झाडे तरारतात, एवढी भरपाई आहे.

पाण्याचे बोलणे निघालेच आहे, तर महाडमध्ये राहून चवदार तळ्याला वळसा घालता येत नाही. तळ्यातल्या माशाला आणि काठावर आलेल्या जनावराला जे पाणी खुले होते, ते माणसांतल्या एका मोठ्या समाजाला बंद होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते ओंजळीने उचलले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची, तर मांडवाला जागा मिळेना; ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलांना हे नाव शाळेत भेटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

राहिले मासे कोणते. दोन फुटी टाकीत आठ-दहा गप्पी सुखाने राहतात. हा मासा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा; रॉबर्ट गप्पी या गृहस्थाने त्रिनिदादहून लंडनला पाठवला, म्हणून १८६६ मध्ये त्याचे नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिंदुस्थानात आणला गेला, आणि आरोग्य खात्याच्या कृपेने विहिरी-हौदांत इतका पसरला की आता तो आपल्याला इथलाच वाटतो. फक्त नर घ्यावेत, नाहीतर तीन महिन्यांत टाकी अपुरी पडते. गोल्डफिश दिसायला गोंडस, पण तो वाढतो, घाण फार करतो. त्याला हौजच हवा. गोल बरणीत गोल्डफिश ठेवणे म्हणजे माणसाला कपाटात कोंडण्यासारखे आहे, आणि ती भेट म्हणून देऊ नये, घेऊही नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. पोळीचे तुकडे बर्निएच्या तळ्याला पुरत असतील, ५५ लिटरला नाही.

काच स्वच्छ ठेवतो म्हणून काळा, खरखरीत पाठीचा सकर मासा हौसेने घेतला जातो. तो विकतात तेव्हा बोटाएवढा असतो. मोठा झाला की फूटभराच्या पुढे जातो. मग घरातले कोणीतरी दया येऊन त्याला नदीत सोडते. उजनीच्या जलाशयात दक्षिण अमेरिकेतला हा सकर मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला तो अशाच टाक्यांतून. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही, आणि स्थानिक माशांचे खाणे-घरटे तो बळकावतो. सावित्रीत किंवा काळ नदीत असा मासा सोडला तर तो वाळणकोंडाच्या वाटेला लागणार नाही, याची खात्री कोण देईल? नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. पाळलेला मासा नदीत सोडणे हे पुण्य नाही.

शेवटी पूर. २५ आणि २६ जुलै २००५, आणि पुन्हा २२ जुलै २०२१. महाडकराला या तारखा सांगाव्या लागत नाहीत. दोन्ही वेळा वरच्या तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. अशा वेळी माशांचा विचार कोणी करू नये, आधी माणसे. पण जे वरच्या मजल्यावर सुखरूप असतात आणि अंधारात दोन-तीन दिवस काढतात, त्यांच्या टाकीतही श्वास चाललेला असतो. वीज गेली की खाद्य ताबडतोब बंद करावे. धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, आणि न खाल्ल्याने पाणी कमी बिघडते. स्पंज फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर त्यातले जंतू गुदमरतात, म्हणून तो काढून ताटात टाकीच्याच थोड्या पाण्यात उघड्यावर ठेवावा, आणि वीज आल्यावर आधी पिळून मगच बसवावा. सेलवर चालणारा छोटा एअर पंप जूनपूर्वी घरात आणून ठेवलेला असला तर उत्तम. नसला तर मासे वर येऊन तोंडे उघडू लागतील. मग मग घ्यावा, टाकीतलेच पाणी उचलावे आणि हातभर उंचावरून बारीक धारेने परत त्यातच ओतावे. पाच-दहा मिनिटे, मग तासाभराने पुन्हा. रात्रीची पाळी घरातल्या ज्या मुलाने मासे आणायचा हट्ट धरला होता त्याला द्यावी, आणि भल्या पहाटेची आपण घ्यावी, कारण पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो फजरच्या सुमारास.